चार रुपये महिना

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात नवख्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात तो ‘घाटावरचे की घाटाखालचे?’ असा. आडनाव, सोयरेधायरे, पगारपाणी हे सारे नंतर. अजिंठ्याच्या डोंगराने जिल्ह्याचे दोन तुकडे केले आहेत. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेड राजा, लोणार. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव. वरच्यांना आपल्या हवेचा कोण अभिमान! सारे वऱ्हाड उन्हाने होरपळत असताना इथे वारा असतो, म्हणून तर इंग्रज साहेबाने जिल्ह्याचे ठाणे इथे ठेवले, असे ते मिशीवर हात फिरवीत सांगतात. खालच्यांना अभिमान काळ्या मातीचा, कापसाचा आणि आगगाडीचा. १८७० साली खामगावच्या कापसासाठी रेल्वेचा खास फाटा निघाला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता, हे ते अशा थाटात सांगतात की जणू त्याला हार यांनीच घातला होता. मी स्वतः जन्माने घाटाखालचा आणि पोटाने घाटावरचा, त्यामुळे दोन्हीकडची ऐट निमूटपणे ऐकून घेतो.

या दोन मुलखांना जोडणारा राजूरचा घाट. बुलढाण्याहून मोताळ्याकडे निघालेली एस.टी. हा घाट उतरू लागली की एकेका वळणावर हवा बदलते, कानाला जाणवते आणि अखेर स्वेटर काढावा लागतो. दिवाळीच्या सुमारास वळणावळणावर सीताफळांच्या टोपल्या मांडून बाया बसलेल्या असतात. खाली पाहावे तो फुटलेल्या कापसाने पांढरीशुभ्र झालेली शेते. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी हा घाट उतरलो. पुण्याला बहिणीकडे भाऊबीज होती, हे निमित्त सांगण्याजोगे. दुसरे एक निमित्त होते ते मी घरात कुणालाच सांगितले नव्हते. चाळिशी उलटलेला, विद्यार्थ्यांना ज्ञानेश्वरी शिकवणारा माणूस एका क्रिकेट क्लबाचे कुंपण पाहायला पुण्याला निघाला आहे, हे सांगितले तर सौभाग्यवतींनी प्रकृतीची चौकशी केली असती.

त्याचे असे झाले. आमच्या कॉलेजात जिमखान्याची जबाबदारी दोन वर्षांपासून माझ्याकडे आली आहे. मराठीच्या माणसाकडे जिमखाना का, याचे कारण प्राचार्यांनी दिले ते असे: ‘तुम्ही शाळेत क्रिकेट खेळत होता म्हणे!’ खेळत होतो हे खरे. पण मैदानावर आता माझे काम म्हणजे किल्ल्या सांभाळणे आणि फाटलेल्या जाळ्यांची यादी करणे. खरे काम आमचे शारीरिक शिक्षणाचे सहकारी करतात. हे गृहस्थ फुटबॉलवेडे. वऱ्हाडच्या उन्हात फुटबॉलवर प्रेम करायला किती निष्ठा लागते, हे इथे राहिल्याशिवाय कळायचे नाही.

एकदा स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी त्यांनी बिली मेरेडिथची गोष्ट सांगितली. इंग्लंडला पश्चिमेकडून चिकटलेला वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या चर्क गावी १८७४ साली हा जन्मला. गाव कोळशाच्या खाणींचे. बाराव्या वर्षी पोरगा खाणीत उतरला. विसाव्या वर्षी, १८९४ मध्ये, मँचेस्टर सिटी या क्लबाने त्याला बोलावले, तेव्हा सुरुवातीला त्याने खाणीतले काम सोडलेच नाही. आठवडाभर कोळसा आणि शनिवारी फुटबॉल. तोंडात दात कोरायची काडी धरून उजव्या बगलेने तो असा धावे, की अडवणारे नुसते बघत राहत. पंचेचाळिसाव्या वर्षी वेल्सकडून तो अठ्ठेचाळिसावा आणि शेवटचा सामना खेळला, आणि त्यात इंग्लंडला हरवून आला.

‘पण एवढ्या मोठ्या खेळाडूला पगार किती?’ सहकाऱ्यांनी विचारले आणि स्वतःच उत्तर दिले. पैसे घेऊन फुटबॉल खेळायला इंग्लंडात १८८५ साली परवानगी मिळाली, तीही मोठ्या नाइलाजाने. कारण पैशासाठी खेळणे हे सभ्य माणसाचे लक्षण नव्हे, अशी साहेबाची समजूत. मग १९०१ साली नियम झाला, की कुणालाही आठवड्याला चार पौंडांहून जास्त देऊ नये. मेरेडिथ त्याविरुद्ध झगडला. १९०७ साली मँचेस्टरमध्ये खेळाडूंची संघटना उभी राहिली तिच्या पुढाऱ्यांपैकी तो एक. दोन वर्षांनी संघटना सोडायला नकार दिला म्हणून मँचेस्टर युनायटेडच्या खेळाडूंना फुटबॉलच्या चालकांनी बाहेर काढले, तेव्हा त्या बहाद्दरांनी ‘बहिष्कृतांचा फुटबॉल क्लब’ अशी पाटी पुढे ठेवून स्वतःचा फोटो काढून घेतला.

‘बहिष्कृत’ या शब्दावर आम्ही दोघेही जरा थांबलो. डॉ. आंबेडकरांच्या पाक्षिकाचे नाव ‘बहिष्कृत भारत’ होते, हे मराठीच्या प्राध्यापकाला आठवणारच. सहकारी म्हणाले, ‘सर, त्या पोरांनी गंमत म्हणून पाटी लावली. आपल्याकडे पैसे घेऊन खेळणारा पहिला मोठा खेळाडू होता, त्याला पाटी लावायची गरजच पडली नाही.’ आणि त्यांनी रामचंद्र गुहांचे क्रिकेटच्या इतिहासावरचे २००२ सालचे पुस्तक माझ्या हातात ठेवले.

त्या खेळाडूचे नाव पालवणकर बाळू.

मला शरम वाटली ती अशी की बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले असून ते १९४८ साली प्रसिद्ध झाले, हे मला त्या इंग्रजी पुस्तकावरून कळले. वीस वर्षे मी ‘मराठी आत्मचरित्र: स्वरूप आणि विकास’ शिकवीत आलो आहे. त्यात स्मृतिचित्रे आहेत, नाटकवाल्यांच्या आठवणी आहेत. खेळाडू एकही नाही.

बाळूंचा जन्म धारवाडचा, १८७६ च्या सुमाराचा. घराणे मूळचे कोकणातल्या पालवणचे, चर्मकार समाजातले. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे मुले पुण्याच्या लष्करी वस्तीत वाढली. साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडूंवर बाळू आणि शिवराम हे भाऊ क्रिकेट शिकले. बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या एका क्लबात: मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रूळ फिरवायचा आणि सभासदांना हुक्की आली की सरावासाठी चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या आसपास ते पुण्यातल्या युरोपियनांच्या क्लबात, पूना क्लबात गेले. तिथे चार रुपये महिना. मेरेडिथचे चार पौंड म्हणजे त्या वेळच्या भावाने आठवड्याचे साठ रुपये होत. खेळ वेगळा, मुलूख वेगळा, आठ-नऊ वर्षांचे अंतरही आहे. पण हा आकडा वाचल्यापासून माझ्या डोक्यातून गेला नाही.

त्या क्लबात जे. जी. ग्रेग नावाचा एक लष्करी अधिकारी होता. फलंदाज म्हणून नामांकित. त्याच्या नावाचा उच्चार ‘जंगली’सारखा होई म्हणून लोक त्याला जंगलीच म्हणत. (पुढे हा जंगली कॅथलिक धर्मोपदेशक झाला!) तो रोज इतरांच्या आधी तासभर येऊन बाळूंची गोलंदाजी खेळे. प्रत्येक वेळी बाद केल्याबद्दल तो आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी असेल तर महिन्याच्या पगाराइतके पैसे बाळूंना साहेबाला आठ वेळा बाद केल्यावर मिळत असले पाहिजेत. बाळू डावखुरे, संथ चेंडू टाकणारे. ज्यांना क्रिकेटचे वेड नाही अशा वाचक भगिनींसाठी सांगतो, की डाव्या हाताने असा चेंडू पडला की उजव्या हाताने खेळणाऱ्याला तो अंगाशी येतोसा वाटतो आणि टप्पा पडताच दूर सरकतो. हात पुढे गेलेला असतो आणि चेंडू भलतीकडेच. शिवाय ही खेळपट्टी बाळूंनी स्वतः झाडलेली, स्वतः रूळ फिरवलेली. कुठे माती भुसभुशीत आहे, कुठे ओल राहिली आहे, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

शेकडो तास त्यांनी तिथे गोऱ्या साहेबांना चेंडू टाकले. त्या साऱ्या काळात त्यांच्या हाती बॅट मात्र कुणी दिली नाही. फलंदाजी हे मालकांचे काम. हे वाक्य मी वाचले आणि पुढे गेलो, याची नोंद वाचकांनी कृपया ठेवावी.

मी अडखळलो ते पुढच्या पानावर. बाळूंची कीर्ती पुण्याच्या हिंदू क्लबाच्या कानावर गेली. त्यांना युरोपियनांना हरवायचे होते. पण चर्मकाराच्या मुलाला संघात घ्यायचे कसे? क्लबातल्या तेलुगू मंडळींची तयारी होती, पुणेकर ब्राह्मण मंडळी कचरत होती. अखेर घेतले. मैदानावर तोच चेंडू सगळ्यांच्या हातून फिरे. चहाची वेळ झाली, की बाकीच्यांना चिनी मातीच्या कपांतून आत, आणि बाळूंना तंबूबाहेर, मातीच्या टाकाऊ मडक्यातून. तोंड धुवायचे तर त्यांच्याच जातीचा नोकर बाजूला नेऊन वरून पाणी ओतणार.

तिथे मी पुस्तक मिटले. कारण तो चहा मी पाहिलेला होता.

१९९३-९४ ची गोष्ट. मलकापूरजवळच्या आमच्या गावी शाळेचे मैदान म्हणजे काळ्या मातीचा तुकडा. उन्हाळ्यात तिला बोट जाईल अशा भेगा पडत. शाळेचे शिपाईमामा ती खेळपट्टी तयार करीत. आदल्या संध्याकाळी पाणी मारायचे, सकाळी अंगठा दाबून पाहायचा. माती अंगठ्याला चिकटली तर थांबायचे, नुसता ठसा उमटला की रूळ फिरवायचा. उशीर झाला तर माती दगड होते, मग हत्ती चालवला तरी ती बसायची नाही. हे शास्त्र मला मामांच्या मुलाने समजावून सांगितले. तो माझ्या वर्गात होता. राहायला गावाबाहेरच्या वस्तीत. डावखुरा. बापाबरोबर रूळ ओढी आणि संध्याकाळी मला चेंडू टाकी. सलग दोन हंगाम. तालुक्याच्या सामन्यात मी त्रेसष्ट धावा काढल्या, माझा फोटो शाळेच्या कचेरीत लागला. तो संघात नव्हता. का नव्हता, हे आमच्यापैकी कुणी विचारले नाही; तो ‘प्रॅक्टिसचा’ होता.

त्या सामन्याच्या दिवशी मी त्याला घरी घेऊन आलो. आजीने दोघांना चहा दिला. मला स्टीलच्या कपातून. त्याच्यासाठी ओसरीच्या कोनाड्यातून एक कप काढला, कान तुटलेला, निळ्या काठाचा. त्याने तो ओसरीच्या खालच्या पायरीवर बसून घेतला, प्यायला, आणि कप तिथेच उपडा ठेवला. सांगावे लागले नाही. मी पाहिले. चौदा वर्षांचा घोडा होतो, काही कळत नव्हते असे नाही. मी माझा चहा संपवला. चांगला झाला होता, हेही आठवते.

असो. तर गेल्या दिवाळीत मलकापूरहून रात्रीची गाडी धरून मी पुण्याला पोचलो. भाऊबीज झाली. दुसऱ्या दिवशी दाजींना म्हणालो, ‘मला कॅम्पाकडे पूना क्लब पाहायचा आहे.’ दाजी चकित झाले. पाहुणे शनिवारवाडा मागतात, पर्वती मागतात, सारसबाग मागतात. क्लबाचे कुंपण मागणारा पाहुणा त्यांच्या दारी पहिल्यांदाच आला होता. तरी बिचारे स्कूटर घेऊन आले. मी सभासद नव्हतो, तेव्हा आत जाण्याचा हट्ट धरला नाही. बाहेरून जेवढे दिसले तेवढे पाहिले: मोठाली जुनी झाडे, त्यांच्या फटीतून हिरवळीचा तुकडा, आणि लांब कडेला ठेवलेला एक लोखंडी रूळ. आजचा रूळ आजचाच असणार, हे मला कळत होते. तरी मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभा राहिलो. दाजींनी घड्याळ पाहिले.

रात्री जेवणे झाल्यावर बहिणीला विचारले, ‘आजीच्या कोनाड्यातला तो निळ्या काठाचा कप तुला आठवतो का गं?’

‘न आठवायला काय झालं? तो मलाच धुवावा लागायचा, वरून पाणी ओतून. हात लागला की आजी अंघोळ करायला लावायची.’

‘पुढे त्याचं काय झालं?’

‘आजी गेल्यावर आईनं तो तांदळाच्या डब्यात टाकला. मापाला. कित्येक वर्षं आपण सगळे त्याच मापाचा भात खाल्ला की!’ आणि ती हसली. मग हसायची थांबली.

तिसऱ्या दिवशी मी मुंबई गाठली. पुण्यात १८९६ साली प्लेग आला त्यानंतर बाळूही मुंबईला आले. काही काळ पलटणीत, मग रेल्वेच्या नोकरीत. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना घेतले. तो जिमखाना मरीन ड्राइव्हवर आजही उभा आहे, शेजारी पारशांचा, पलीकडे मुसलमानांचा. धर्मवार आखलेली ही मैदाने समुद्राकडे तोंड करून ओळीने बसलेली पाहिली, की शंभर वर्षांपूर्वीचे क्रिकेट समजायला पुस्तक लागत नाही. पण मला जायचे होते ते बॉम्बे जिमखान्यावर. आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला, जिथे रस्त्याच्या कडेने स्वस्त कपड्यांची दुकाने लागतात, तिथे हा जुना क्लब आहे. त्या काळी सभासदत्व फक्त गोऱ्यांना. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंचा संघ इथे युरोपियनांशी खेळला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०. युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्यात पाच गडी बाद केले. मैदानाबाहेर उभे राहून मी हे आकडे मनात म्हणत होतो आणि शेजारचा एक पोरगा मला ‘शर्ट दोनशेला, काका’ म्हणून ओढीत होता. शेवटी एक शर्ट घेतला.

पुढची कथा वेगाने सांगतो, कारण ती मानाची आहे आणि मानाच्या कथा एकमेकींसारख्याच असतात. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. महाराजांचे वय एकोणीस, बाळूंचे पस्तिशीच्या आसपास. संघ सपाटून हरला. बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ बळी मिळवले. परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला, त्या वेळचे मानपत्र विद्यार्थिदशेतल्या भीमराव आंबेडकरांचे होते, असे चरित्रकार सांगतात.

एवढे होऊनही कप्तानपद नाही. हे मला महत्त्वाचे वाटते, म्हणून इथे थांबतो. बाळू चेंडू टाकणार, गडी बाद करणार, सामने जिंकून देणार; संघाच्या पुढे चालणार तो दुसराच. १९१३ साली एम. डी. पै यांना कप्तान केले, तेव्हा पैंनी भर सभेत सांगितले, की हा मान माझ्या मित्राचा, बाळूंचा होता. भले माणूस! पण मान बाळूंना मिळाला नाही तो नाहीच. १९२० साली त्यांना संघातूनच वगळले आणि आजारी पैंच्या जागी कप्तानपद त्यांच्या भावांनाही डावलून दिले, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी निषेध म्हणून खेळायला नकार दिला. मग लोकमत हलले. पुढच्या सामन्यात बाळू परत आले, उपकप्तान म्हणून, आणि पै काही वेळ मुद्दाम मैदान सोडून गेले, म्हणजे तेवढा वेळ तरी बाळूंनी संघ चालवावा! तेवढा वेळ. १९२३ साली विठ्ठल कप्तान झाले, हिंदूंनी युरोपियनांना हरवले आणि लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर घेतले. इंग्लंडातही पैसे घेऊन खेळणारे आणि हौशी यांची कपडे बदलायची खोली वेगळी असे. ती रीत १९६२ पर्यंत चालली. पण तिथला पगारी खेळाडू खोलीबाहेर पडला की त्याचा चहा कुणी मडक्यातून देत नसे.

राजकारणात बाळूंची वाट आंबेडकरांहून वेगळी झाली. १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट आंबेडकरांविरुद्ध उभे केले: आंबेडकर १३,२४५ मते, बाळू ११,२२५. ज्याच्या मानपत्राने गळा दाटून आला असेल त्याच्याशीच लढत. मला ही उमेदवारी पटत नाही. तिथेही त्यांना गोलंदाजीलाच लावले, असे वाटत राहते. जुलै १९५५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

परतीची गाडी पहाटे मलकापूरला पोचली. बुलढाण्याची एस.टी. साडेसातची. मी स्टँडवर गेलो तो मनाशी ठरवून गेलो होतो. शिपाईमामांचा मुलगा मलकापूर आगारात कंडक्टर आहे, हे मला पंधरा वर्षांपासून माहीत होते. पंधरा वर्षांत मी त्या स्टँडवरून किती वेळा गेलो असेन, देव जाणे. चौकशी केली. ‘आता येतील,’ एकजण म्हणाला, ‘बुलढाण्याची त्यांचीच आहे.’

तो आला. खाकी कपडे, कानशिलावर पांढरे केस, खांद्यावर बॅग. मला ओळखायला त्याला क्षणही लागला नाही.

‘या सर! तुम्ही इकडं कसे?’

‘सर काय म्हणतोस मला?’

‘मंग काय म्हनू? प्रोफेसर हायत ना तुमी.’

कँटीनमध्ये काचेच्या पेल्यांतून चहा आला, दोघांना एकसारख्या. त्याची मोठी मुलगी अकोल्याला शिकते, शिपाईमामा चार वर्षांपूर्वी गेले, हे कळले. मी त्याला बाळूंची सारी गोष्ट सांगितली. रूळ, तीन रुपये, चार रुपये, जंगली साहेब, मातीचे मडके. तो मन लावून ऐकत होता. शेवटी मी घसा साफ केला आणि म्हणालो, ‘सामन्याच्या दिवशी आमच्या घरी तुला आजीनं चहा दिला होता. त्या कपातून...’

‘कोन्ता चहा?’ तो म्हणाला.

मी ओसरी सांगितली, पायरी सांगितली, निळा काठ सांगितला.

‘अरे, तवा समद्याइच्या घरी तसाच चहा भेटे. कोन्ता कोन्ता ध्यानात ठेवू?’ बोलता बोलता ‘तुम्ही’ गळून पडले होते. त्याने पेला खाली ठेवला. ‘पन एक ध्यानात हाये. दोन वर्सं मी तुले बॉल टाकला. थंडी नाई, ऊन नाई. तू मले एक डाव बी बॅट देली नाई.’

मी काही बोललो नाही. मग बोललो ते मूर्खासारखे. ‘तू मागितली नाहीस.’

‘नाई मागतली,’ तो म्हणाला. ‘चाल, टाइम झाला.’ चहाचे पैसे त्याने दिले.

मोताळ्यापर्यंत गाडीत गर्दी होती. त्याने मला तिकीट दिले, सुटे पैसे मोजून दिले. राजूरचा घाट लागला, हवा बदलली. तो माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर येऊन बसला आणि बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला. एका वळणावर म्हणाला, ‘त्या तुह्या बाळूले तरी भेटली का नाई बॅट, कवा?’

‘मुंबईला आल्यावर भेटली. सामन्यात खेळायचा मग.’

‘बरं झालं.’

बुलढाण्याला उतरल्यावर त्याच्या परतीच्या गाडीला पाऊण तास होता. कॉलेज स्टँडपासून लांब नाही, आणि जिमखान्याच्या किल्ल्या माझ्याच खिशात होत्या. पुण्याला जाताना त्या जमा करायच्या राहून गेल्या होत्या. सुट्टीमुळे मैदानावर चिटपाखरू नव्हते. रात्रीच्या दवाने गवत ओले होते. तो आधी खेळपट्टीपाशी जाऊन खाली बसला, अंगठा दाबून पाहिला आणि ‘रूळ फिरवाले पायजे होता’ म्हणाला. मी कपाटातून बॅट आणली. त्याने बॅग काढून स्टंपांमागे ठेवली, बाह्या वर सारल्या आणि बॅट उजव्या हाताने धरून उभा राहिला.

उजव्या हाताने! दोन वर्षे मी ज्याचे चेंडू खेळलो, तो फलंदाजी कोणत्या हाताने करतो, हे मला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हते.

मी धावत आलो आणि चेंडू टाकला. तो त्याच्या डोक्यावरून जाऊन कुंपणाला लागला.

‘मास्तर,’ तो बॅट आपटत म्हणाला, ‘सरका टाक ना गड्या. माह्या गाडीचा टाइम होते.’